त्या शोमरोन्यानेही जखमीला घरी नेलं नव्हतं

(पत्र थोडं आटोपशीर केलं आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

ताई, सलाम.

मी भांडुपला राहते, वय बेचाळीस. घर वन रूम किचन, माणसं चार: मी, मिस्टर, दहावीतला मुलगा आणि सासूबाई. मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, महिला संघात आठ वर्षं काम करते, पाळी आली की बायबलचं वचनही सांगते.

मिस्टरांचे चुलतभाऊ नेवाशाकडे असतात. २०१७ मध्ये त्यांनी बोअर मारायला आमच्याकडून ऐंशी हजार रुपये नेले. मुलाच्या नावची एफडी मोडून दिले होते. ते परत आले नाहीत. मागायला गेलो तर चार माणसांत ऐकवलं, 'मुंबईवाल्यांना काय कमी आहे?' तेव्हापासून जाणं-येणं बंद.

या जूनमध्ये त्यांचा फोन आला. जाऊबाईंना स्तनाचा कॅन्सर निघालाय, परळला टाटामध्ये उपचार सुरू होताहेत, काही महिने राहायची सोय होईल का? मी म्हटलं, 'भाऊजी, घराचं काम काढलंय, लाद्या उखडल्यात.' काम वगैरे काही नव्हतं. ते 'बरं' म्हणाले आणि फोन ठेवला.

नंतर कळलं की अकरा रात्री ती दोघं फुटपाथवर होती, मग दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली. त्या अकरा दिवसांतच एका संध्याकाळी मी परळहून बसने येत होते. सिग्नलला बस थांबली. निळ्या ताडपत्रीखाली जाऊबाई बसल्या होत्या. पाऊस होता. खाली आलेलं पाणी त्या स्टीलच्या ताटलीने बाहेर लोटत होत्या. मी मान फिरवली. सिग्नल सुटेपर्यंत पर्समध्ये काहीतरी शोधत बसले.

त्याच आठवड्यात महिला संघात माझी पाळी होती आणि विषय होता चांगला शोमरोनी. मी बोलले. बायकांना आवडलं. रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजाच्या वेळी भाकर घ्यायला माझा हात उचलेना. मिस्टरांना सगळं सांगितलं तर म्हणाले, 'बरं झालं, त्यांनाही कळू दे.'

मी इतकी स्वार्थी आहे का? स्वतःला ख्रिस्ती म्हणवणाऱ्या बाईचं काळीज असं दगडाचं कसं होतं? आता त्यांना घरी आणू का? पैसे सोडून देऊ का? आणि हा स्वभाव जातो का कधी?

- एक भगिनी, भांडुप

प्रिय ताई, सलाम.

तुमचं पत्र मी रात्री दोनदा वाचलं आणि सकाळी उठून पुन्हा वाचलं. तुम्ही ती ताटली लिहिलीत. पर्समध्ये काहीतरी शोधत बसलात, हेही लिहिलंत. ज्या बाईचं काळीज खरंच दगडाचं झालंय, तिला पाणी लोटणारी ताटली महिनाभर डोळ्यांपुढे दिसत राहत नाही. तो शब्द आपण आधी बाजूला ठेवू.

आता स्पष्ट बोलते. घरी राहायला नाही म्हणालात, यात मला पाप दिसत नाही. लाद्या उखडल्यात असं सांगितलंत ते खोटं होतं आणि सिग्नलला मान फिरवलीत, ते पाप होतं. या दोन्हींची गल्लत झाली की माणूस एक तर 'मी फारच वाईट' म्हणून रडत बसतो, नाहीतर 'घरच लहान, काय करणार' म्हणून सुटून जातो. दोन्हीकडे जाऊबाई जिथल्या तिथेच राहतात.

मी एकतीस वर्षं परिचारिका होते, म्हणून आजाराच्या बाजूने थोडं सांगते. मुंबईबाहेरून आलेल्या कॅन्सरच्या रुग्णाची खरी अडचण पुष्कळदा औषधापेक्षा राहण्याची असते. किमो बहुधा दर दोन-तीन आठवड्यांनी असतो आणि मधे तपासण्या असतात. पुढे किरणोपचार लागले, ज्याला गावाकडे 'लाइट देणं' म्हणतात, तर ते आठवड्याचे पाच दिवस असे काही आठवडे चालतात. एका वेळी काम काही मिनिटांचं, पण रोज हजर राहावं लागतं. नेवाशाहून रोज कोण येणार? म्हणून जेरबाई वाडिया रोडच्या फुटपाथवर ताडपत्र्या दिसतात. किमोने रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात, साधा ताप आला तरी त्याच रात्री रुग्णालय गाठावं लागतं, आसपास सर्दी-खोकल्याचं माणूस चालत नाही. शाळेतून रोज काही ना काही घेऊन येणारा मुलगा, वयस्क सासूबाई आणि सहा माणसांत एक संडास अशा खोलीत रुग्णाला ठेवताना कुणीही विचार करेल. तुम्ही हेच भाऊजींना सांगितलं असतंत, 'भाऊजी, चार माणसांत जागा नाही, वहिनींना इथे सोसणार नाही, पण मी दादर-परळकडे काय सोय होते ते बघते,' तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. शेवटचं वाक्य राहून गेलं. तेवढ्यापुरतीच तुमची चूक आहे, आणि ती लहान नाही.

तुम्ही महिला संघात जे वचन सांगितलंत तेच पुन्हा उघडा, लूकचा दहावा अध्याय: लुटारूंनी मारून टाकलेल्या वाटसरूला याजक आणि मंदिराचा सेवक लेवी टाळून जातात आणि परका शोमरोनी त्याला मदत करतो. आपण तो दाखला इतका ऐकलेला असतो की शोमरोन्याने काय केलं नाही याकडे लक्षच जात नाही. त्याने जखमी माणसाला घरी नेलं नाही. उतारशाळेत नेलं. एक रात्र स्वतः त्याच्याजवळ थांबला, दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या रखवालदाराला दोन दिनार दिले, याहून जास्त खर्च झाला तर परत येईन तेव्हा देईन म्हणाला आणि आपल्या कामाला निघून गेला. त्याचा प्रवास थांबला नाही, धंदा बुडाला नाही. तेल आणि द्राक्षारस, स्वतःचं जनावर, एक रात्र, दोन दिवसांची मजुरी आणि परत येण्याचं वचन, एवढंच त्याने दिलं. प्रभू येशूने याच माणसाकडे बोट दाखवून, जा आणि तूही तसंच कर, असं म्हटलं.

मग याजकात आणि त्याच्यात फरक कशाचा? याजकाने आणि लेव्याने त्याला पाहिलं आणि ते दुसऱ्या बाजूने चालते झाले. शोमरोन्याने पाहिलं आणि तो जवळ गेला. मराठी शास्त्रात त्या जागी 'कळवळा' हा शब्द आहे. मूळ ग्रीक शब्द आतड्यांवरून आलेला आहे, आणि आपल्याला तो समजावून सांगावा लागत नाही, कारण आपणही आतडं तुटलं असंच म्हणतो. पण आतडं लांबून तुटत नाही, ताई. बसच्या काचेतून ते आवळून धरता येतं, पर्समध्ये हात घालून बसता येतं. माणसाच्या हाताच्या अंतरावर गेलात की ते आपसूक तुटतं. म्हणून 'माझ्यात प्रेम का उत्पन्न होत नाही' याची वाट घरी बसून बघू नका. आधी पाय जाऊ द्या.

आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रात आहे, ती कदाचित तुमच्या लक्षात आलेली नाही. प्रभूने दाखल्यात दया करणारा म्हणून यहुदी निवडला नाही, परका शोमरोनी निवडला, ज्याच्याशी त्याचे श्रोते व्यवहारही ठेवत नव्हते. तुमच्या ख्रिस्ती दीर-जावेला अकरा रात्रींनंतर छप्पर कुणी दिलं? गाडगेबाबांच्या नावाच्या धर्मशाळेने. तिथे कुणी त्यांची मंडळी विचारली नाही. हे मी तुम्हाला खाली मान घालायला लावण्यासाठी सांगत नाही. तुम्ही तिथे जाल तेव्हा आपण दया घेऊन चाललो आहोत, असं मनात आणू नका. दया तिथे तुमच्या आधी पोचलेली आहे. तुम्ही उशिरा का होईना, तिला हातभार लावायला निघाला आहात.

आता पैशाचं. त्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण लाद्यांच्या थापेखाली ते ऐंशी हजारच होते असं मला वाटतं.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायात निर्दय चाकराचा दाखला आहे. एका चाकरावर राजाचं दहा हजार तालांतांचं कर्ज होतं, राजाने ते सोडलं. तोच चाकर बाहेर पडला आणि शंभर दिनार देणं असलेल्या सोबत्याची त्याने नरडी धरली. दिनार म्हणजे त्या काळच्या मजुराची एका दिवसाची मजुरी. तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार. म्हणजे राजाने सोडलं ते सहा कोटी दिवसांचं काम, शब्बाथाची आठवड्याची सुट्टीसुद्धा न घेता एक लाख चौसष्ट हजार वर्षांचं. ते फिटणारं नव्हतंच.

आणि शंभर दिनार? पुष्कळ प्रवचनांत या रकमेला क्षुल्लक म्हटलं जातं. मला ते कधी पटलं नाही. हजेरीवर घर चालवणाऱ्याला विचारा, शंभर दिवसांची मजुरी क्षुल्लक असते का. आज मुंबईत बिगारी कामाची हजेरी आठशे रुपये धरली तर शंभर दिवसांचे किती होतात? ऐंशी हजार. हा हिशेब कागदावर उतरला तेव्हा मी पेन खाली ठेवलं. तुमचे ऐंशी हजार म्हणजे बरोबर ते शंभर दिनार आहेत.

प्रभूला दोन दिनार म्हणता आले असते. तो शंभर म्हणाला. दुसऱ्याने आपल्याला खरोखर लुबाडलेलं असतं, मुलाची एफडी खरोखर मोडलेली असते, चार माणसांतला तो टोमणा खरोखर लागलेला असतो, हे त्याला ठाऊक होतं. क्षमा म्हणजे ते काही नव्हतंच असं म्हणणं नाही. ते शंभर होते असं म्हणायचं आणि मग आपल्याला जे सोडलं गेलं त्याच्या शेजारी ते ठेवून बघायचं.

व्यवहारात मी काय सुचवेन? उपचार चालू आहेत तोवर पैशाचा विषय काढू नका, आडूनसुद्धा नाही. 'आम्ही तरी काय, एफडी मोडून बसलोय' असली वाक्यं डब्याबरोबर जाता कामा नयेत. पैसे सोडायचे की नाही ते तुम्ही दोघांनी मिळून ठरवा. एफडी मुलाच्या नावची असली तरी पैसे दोघांचे होते, त्यामुळे तुम्ही एकटीने उदार व्हायचं आणि मिस्टरांनी गिळून बसायचं, हे बरोबर नाही. सोडायचे ठरलं तर भाऊजींना एकदाच, सरळ सांगा की ते पैसे आता नाहीत असं समजा, आणि पुढे जन्मात त्याचा उच्चार करू नका. सोडणं जमत नसेल तर येणं राहू द्या, पण ते जाऊबाईंच्या आजारातून वसूल करू नका. अकरा रात्रींचा पाऊस हे व्याज म्हणून लावून घेतलं गेलं, हेच तुम्हाला टोचतं आहे. आणि पैसे सोडलेत म्हणजे उद्या ट्रॅक्टरसाठी मागितल्यावर पुन्हा द्यायलाच हवेत, असंही नाही. दया करणाऱ्याने अक्कल गहाण ठेवावी असं शास्त्रात कुठे सांगितलेलं नाही.

मिस्टर म्हणाले, 'त्यांनाही कळू दे.' त्यांच्यावर चिडू नका. ते चुलतभाऊ आहेत, एका ताटात जेवलेले असणार. जितकं जवळचं माणूस तितका तो टोमणा खोल जातो. त्यांना वचनं ऐकवू नका. एक काम सांगा: कामावरून येताना दादरला उतरून डबा पोचवा. तेवढंच.

हे काम मी मुद्दाम त्यांच्याकडे देते आहे. आपल्या घरांत दया करण्याचं ठरवतो एक आणि ती निस्तरते दुसरी. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये याच शहरात झाला. त्यांच्या दातृत्वाबद्दल आपण अभिमानाने बोलतो, पण घरात होतं-नव्हतं ते देऊन टाकलं की चूल कशी पेटवायची, हा प्रश्न त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला यायचा. त्यांनी तो पेलला, कारण त्या लक्ष्मीबाई होत्या. तुमच्या घरी पहाटेचा डबा, सासूबाईंच्या गोळ्या, मुलाचा क्लास आणि वर ही सेवा असं सगळं तुमच्याच अंगावर पडलं तर तीन आठवड्यांत तुम्ही पुन्हा पर्समध्ये काहीतरी शोधायला लागाल. थकलेलं माणूस स्वार्थी होतं, हे मी वॉर्डात स्वतःमध्येही पाहिलंय. डबल ड्युटीच्या शेवटच्या तासाला रुग्णाने पाणी मागितलं की मी ऐकू न आल्यासारखं करत असे. ती हाक मला अजून ऐकू येते.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, हा स्वभाव जातो का.

बायबलातल्या लेवीय या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात एक नियम आहे. कापणी कराल तेव्हा शेताच्या कोनाकोपऱ्यांतलं पीक झाडून काढू नका आणि सरवाही वेचू नका. कापताना खाली गळून राहिलेल्या कणसांना आपल्याकडे सरवा म्हणतात. तो गरिबासाठी आणि उपऱ्यासाठी सोडायचा. रूथ ही परकी विधवा मवाब देशातून आली ती बवाज नावाच्या शेतमालकाच्या शेतात सरवाच वेचत होती. बवाजाने पुढे गड्यांना सांगितलं की पेंढ्यांतून मुद्दाम काही ओढून तिच्यासाठी टाका आणि तिला धमकावू नका. मला या नियमात आवडतं ते हे की शेतकऱ्याला आधी उदार व्हायला सांगितलेलं नाही. कोपऱ्यापाशी विळा थांबवायला सांगितलं आहे. मन कुरकुरलं तरी चालेल, विळा थांबला पाहिजे.

माझ्या आईला पाहुणे आवडत नसत. आम्ही भायखळ्याला दहा बाय बाराच्या खोलीत सात जण राहायचो. आणि तरीही ती रोज रात्री मोजून एक भाकरी जास्त थापायची. थापताना पुटपुटायची, 'आज कोण तडमडतंय बघू.' ती भाकरी फडक्यात गुंडाळून टोपलीच्या तळाशी जायची. आम्हा मुलांना तिला हात लावायची सोय नव्हती, कितीही भूक असली तरी. कुणी आलं तर त्याच्या ताटात, नाही आलं तर सकाळी जिन्याखाली झोपणाऱ्या म्हाताऱ्याला. पुटपुटणं वर्षानुवर्षं चाललं. मग कधीतरी थांबलं. केव्हा थांबलं ते मला सांगता येणार नाही, कारण त्या दिवशी काही विशेष घडलं नाही. शेवटी शेवटी ती कुणी आलं नाही की दाराकडे बघत बसायची.

म्हणून स्वभाव जातो का याचं माझं उत्तर हो असं आहे, पण तो 'आजपासून मी निःस्वार्थी होणार' या प्रार्थनेने जात नाही. मुंबईत आपलं पीक म्हणजे पैसा, वेळ आणि जागा, आणि आपण तिन्ही कोपऱ्यापर्यंत कापतो. महिन्याचा पगार हप्त्यांत बसवतो, दिवस गाड्यांच्या वेळेत बसवतो, माळ्यावरसुद्धा बोट शिरायला जागा ठेवत नाही. मग कुणी हात पुढे केला की खरंच काही शिल्लक नसतं आणि तोंडातून लाद्या निघतात. दशांश, म्हणजे मंडळीला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग, वेगळा, तो तुम्ही देतच असाल. मी म्हणते तो सरवा आहे: आठवड्यातली एक संध्याकाळ जी कुठल्याच कामाला दिलेली नाही, पगाराच्या दिवशीच बाजूला ठेवलेलं एक पाकीट, कुकरमध्ये एक मूठ जास्त. तो कोपरा कुणासाठी आहे ते आधी ठरवायचं नाही. कुणीतरी येतंच.

बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात हाच नियम पुन्हा येतो आणि तिथे त्याचं कारणही दिलेलं आहे: तू मिसर देशात दास होतास याची आठवण ठेव. स्वार्थ म्हणजे मला पुष्कळदा विसरणंच वाटतं. पंडिता रमाबाईंनी मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं आणि पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि विधवा शेकड्यांनी केडगावला आणल्या. त्यांचे स्वतःचे आई-वडील त्या सोळा वर्षांच्या असताना दुष्काळातच गेले होते. त्या मुलींची भूक त्यांना ओळखीची होती. तुमच्या सासूबाईंना एकदा विचारा, सासरे पहिल्यांदा गावाहून मुंबईत आले तेव्हा कुठे राहिले? आपल्यातल्या बहुतेकांचे आजे कुणाच्या तरी खोलीत, कुणाच्या तरी पायाशी वळकटी टाकून झोपले, म्हणून आज आपण मुंबईवाले आहोत. सासूबाई सांगत असताना मिस्टर घरात असतील असं बघा.

प्रभुभोजाबद्दल. हात उचलला नाही हे बरं झालं असं मी म्हणणार नाही, पण ते उगाचही झालं नाही. मत्तय पाचव्या अध्यायात प्रभू म्हणतो, वेदीजवळ दान आणलं असताना आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असं आठवलं, तर दान तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. मग येऊन दान अर्पण कर, असंही तो लगेच पुढे म्हणतो. परत यायचंच आहे. पुढच्या प्रभुभोजाच्या आधी दादरला जाऊन या.

जाण्याआधी भाऊजींना फोन करा आणि कुठला दिवस बरा ते विचारा, कारण किमोनंतरचे दोन-चार दिवस जाऊबाईंना माणूसही नकोसं होईल. खाण्याला काय चालतं ते डॉक्टरांनी सांगितलेलं असेल, तेच करा. बहुतेक मऊ भात, मुगाच्या डाळीचं वरण, पेज असं चालतं, तिखट नको, कच्चं काही नको, ताजं आणि झाकलेलं हवं. घरात कुणाला सर्दी असेल त्या आठवड्यात डबा दारातूनच द्या. भाऊजींना विचारा की रेशनकार्ड बरोबर आहे का, महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं काय झालं, रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात गेले होते का. गावाकडचा माणूस या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरून थकतो आणि विचारायला लाजतो. तुम्ही एक दिवस रजा टाकून त्यांच्याबरोबर रांगेत उभ्या राहिलात तर ते पुष्कळ आहे. त्यांना एक दिवस भांडुपला बोलवा, आंघोळ करू द्या, कपडे धुऊ द्या, दुपारभर पंख्याखाली झोपू द्या. रुग्णाची सगळे विचारपूस करतात, त्याच्याबरोबरचं माणूस अकरा रात्री बसून होतं हे कुणाच्या लक्षात येत नाही.

लाद्यांचं खोटं भाऊजींना सांगा. पहिल्याच भेटीत, बाहेर चहाच्या टपरीवर, दोन वाक्यांत. 'भाऊजी, घराचं काम नव्हतं. मी खोटं बोलले, मला माफ करा.' एफडीचं कारण देऊ नका. ते गप्प बसतील किंवा चिडतील, बसू द्या, चिडू द्या.

सिग्नलचं मात्र जाऊबाईंना सांगायची घाई करू नका. आपलं मन हलकं करायला आजारी माणसाच्या उरावर ओझं ठेवणं, हाही स्वार्थच आहे. ते देवाजवळ कबूल करा आणि त्यांच्या अंगात ताकद येईपर्यंत स्वतःजवळ ठेवा. पुढे कधी त्या बऱ्या होऊन तुमच्या स्वयंपाकघरात भाजी निवडत बसल्या असतील, तेव्हा सांगता येईल.

पहिल्या दिवशी फक्त शेजारी बसा. केस गेले असतील तर बघून चेहरा बदलू देऊ नका. एक मऊ सुती रुमाल न्या डोक्याला बांधायला, नायलॉनचा नको, टोचतो. आणि डबा परत घेताना बघा, नेवाशाकडची बाई रिकामा डबा परत देणार नाही. गावाहून आणलेल्या शेंगदाण्यांची मूठ असेल, नाहीतर दोन-चार बोरकुटाच्या पुड्या. नको म्हणू नका. घ्या.